अडीच वर्षांचा मुलगा, आठवड्याला ४० तास थेरपी खरंच लागते का?

नाशिकची_आई: मुलगा अडीच वर्षांचा आहे, नावाने हाक मारली तर बघत नाही पण कुकरची शिट्टी झाली की कानावर हात ठेवून पळतो. आधी पाच-सहा शब्द बोलायचा, आता तेही गेलेत. डॉक्टर म्हणाले ऑटिझमची लक्षणं वाटतात, थेरपी चालू करा. एका सेंटरने आठवड्याला ४० तास एबीए (वागणुकीवर काम करणारी थेरपी) सांगितलं, त्याहून कमी केलं तर उपयोग नाही म्हणे, आणि पालकांनी बाहेर बसायचं. फी ऐकून आमचे अहो गप्पच झाले. सासूबाईंचं चालूच आहे की याचा बापपण उशिरा बोलला, उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका. काय करू?

स्पेशल_एज्युकेटर: ताई, आलेले शब्द गेले असतील तर वाट बघत बसू नका, सासूबाई काहीही म्हणोत. आधी कानांची तपासणी करा, बेरा टेस्ट, शिट्टीला दचकतो म्हणजे सगळं नीट ऐकू येतं असं नाही. ४० तासांचा आकडा लोवास या मानसशास्त्रज्ञाच्या १९८७ च्या अभ्यासातून आलाय, कॅलिफोर्नियातला. १९ पैकी ९ मुलं नॉर्मल शाळेत टिकली म्हणून तो गाजला, पण मुलं चिठ्ठ्या टाकून गटात घातली नव्हती, आणि तेव्हा जोरात ओरडणं, मांडीवर चापट हेही ‘थेरपी’त होतं! नंतर डेन्व्हर मॉडेल आलं, खेळता खेळता शिकवायचं. २०१० च्या त्यांच्या ट्रायलमध्ये थेरपिस्टचे आठवड्याला साधारण १५ तासच झाले होते आणि जवळपास तेवढेच तास आईबाबांनी घरी केले, तरी फरक दिसला. त्यामुळे मला तासांपेक्षा ते ‘बाहेर बसा’ जास्त खटकतंय. पुढच्या तीन महिन्यांत काय साधायचं ते लेखी मागा, थेरपिस्टचं आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन बघा. द्यायला कां कूं केलं तर दुसरीकडे जा.

दोन_पोरांचा_बाप: सिव्हिल हॉस्पिटलच्या डीईआयसीमध्ये, म्हणजे लहान मुलांसाठीच्या सरकारी थेरपी केंद्रात विचारलंत का? २०१३ पासूनच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमात येतं, फुकट असतं, नंबर लागायला वेळ जातो पण नाव तर घालून ठेवा. आणि घरी बसल्या बसल्या करण्यासारखं सांगतो, साबणाचे फुगे आणा. एकदा फुंकायचं आणि झाकण लावून गप्प बसायचं, ‘बोल बोल, पाहिजे म्हण’ असं मागे लागायचं नाही. पोरगं तुमच्याकडे बघेल, बाटली हातात आणून देईल, नुसतं ‘फू’ करेल, काहीही केलं की लगेच फुंकायचं. आमच्या धाकट्याचं मागणं असंच सुरू झालं, बोलणं बऱ्याच नंतर.

गोव्याहून_मावशी: वरच्या दादांना अनुमोदन 👍 आमच्या गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीत मिळून ६५ मुलांवर, आईबाबांनीच खेळता खेळता शिकवण्याचा अभ्यास झालाय, २०१६ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत आला. ट्रेनिंग दिलेल्या साध्या हेल्थ वर्कर आईबाबांचा मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढायच्या आणि तोच त्यांना दाखवून बोलायच्या, हे बघ इथे त्याने तुझ्याकडे बघितलं होतं. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करायला लागली. जादू नाही हं, पण मोठी डिग्री असलेल्या माणसाशिवाय काही होतच नाही असंही नाही.

नाशिकची_आई: सगळ्यांना थँक्यू. बेराची अपॉइंटमेंट घेतली. अहोंना सगळं वाचायला दिलंय. आणि ते दिव्यांगांच्या सरकारी आरोग्य विम्याचं निरामया कार्ड असतं, ते लगेच निघतं का?

दोन_पोरांचा_बाप: आधी दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट लागतं, मग ही योजना चालवणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेकडे अर्ज. वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर आहे, थेरपीसाठीपण पैसे मिळतात पण त्याला वेगळी मर्यादा आहे. बिलं आत्तापासून जपून ठेवा, पक्की बिलं, चिठ्ठीवर लिहून दिलेली चालत नाहीत.