परित्राणाचा धागा: श्रद्धा की अंधश्रद्धा?

वाटसरू: परित्राण पाठानंतर, म्हणजे रक्षणासाठी बुद्धवचनांचं सामूहिक पठण झाल्यावर, मनगटावर पांढरा धागा बांधतात, कलशातलं पाणी शिंपडतात. पण आता तो धागा आजार टळावा, नोकरी लागावी म्हणून मागतात, तेव्हा जीव तुटतो. संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात बुद्धांनी असिबंधकपुत्त नावाच्या गावप्रमुखाला विचारलं होतं: खोल डोहात टाकलेला दगड लोकांनी हात जोडून ‘वर ये’ म्हटल्याने वर येईल का? हात पाहणं, शुभ दिवस काढणं यांना दीघ निकाय या दुसऱ्या संग्रहात ‘तिरच्छानविज्जा’, म्हणजे हीन विद्या म्हटलंय. मग धाग्यात ताकद आली कुठून?

सांजदिवा: दगडाचा दृष्टांत इथे लावू नका. हिंसा-चोरी करणाऱ्याला दुसऱ्यांच्या प्रार्थनेने सुगती मिळेल का, हा तिथला सवाल आहे. मज्झिम निकायातला अंगुलिमाल आठवा, दरोडेखोराचा भिक्खू झालेला. अडलेल्या बाळंतिणीला पाहून तो कळवळला, तेव्हा बुद्धांनीच त्याला तिच्याकडे सत्यवचन बोलायला पाठवलं. माझी आई शेवटच्या आजारपणात मेत्त सुत्त, म्हणजे मैत्रीभावनेचं सुत्त, ऐकल्याशिवाय झोपत नसे. बरं होण्याची आशा तिला नव्हती, सोबत हवी होती.

वाटसरू: आईंबद्दल वाचून गलबललो. त्याला अंधश्रद्धा मी कधीच म्हणणार नाही. पण अंगुलिमालाच्या गोष्टीत धागा कुठे आहे? ‘आर्य जन्म (म्हणजे भिक्खू म्हणून नवा जन्म) झाल्यापासून मी जाणूनबुजून कुणाचा जीव घेतला नाही’, ही त्याच्या बदललेल्या जगण्याची साक्ष होती. कर्मकांडाला चिकटणं म्हणजे सीलब्बतपरामास. सोतापन्न होताना, म्हणजे मुक्तीच्या मार्गाची पहिली पायरी गाठताना, गळणाऱ्या तीन बंधनांतलं ते एक.

उंबरठा: चुल्लवग्ग या भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातली शिंकेची गोष्ट दोघांनीही विचारात घ्यावी. बुद्धांना शिंक आली, भिक्खू ‘दीर्घायुषी व्हा’ म्हणाले. बुद्धांनी विचारलं, असं म्हटल्याने कुणी जगतो की मरतो? नाही ना, मग म्हणू नका. पुढे गृहस्थ शिंकलेल्या भिक्खूंना तसंच म्हणत, भिक्खू गप्प राहत, लोक नाराज होत. तेव्हा गृहस्थांना मंगल वचनं आवडतात म्हणून उलट ‘चिरं जीव’ म्हणायची मुभा बुद्धांनीच दिली. धागाही तसाच बांधावा, पण यात औषध नाही हे पाठ म्हणणाऱ्या भन्तेंनी (भिक्खूंनी) तिथेच सांगावं.

वाटसरू: सांगतं कोण? एका कार्यक्रमात ‘धागा तुटला तर संकट येतं’ असं सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय. ओळखीतल्या एका लहान मुलीचा धागा अंघोळीत तुटला, दिवसभर रडत होती.

सांजदिवा: लेकराला अशी भीती घालणं चूकच, तिथे मी तुमच्या बाजूने. येत्या पौर्णिमेला आमच्याकडे पाठ आहे. धागा नको म्हणून सांगते. पाणी मात्र ठेवणार, आणि मेत्त सुत्त अर्थासकट पूर्ण म्हणणार.