घाटात गाडी तापून पॉवर तोडतेय, बॅटरी उतरवायला सांगतायत. खरंच गरज आहे का?

चढणीचा_राजा
मंडळी, सल्ला हवाय. इलेक्ट्रिक गाडी आहे, चार वर्षं झाली, आजवर एक रुपयाचा त्रास नाही. पण गेल्या महिन्यापासून घाट अर्धा चढला की डॅशवर कासव पेटतं, पॉवर कमी होते आणि मागचे हॉर्न मारून जीव खातात. फास्ट चार्जरला लावली की सुरुवातीला ५० किलोवॅट घेते आणि दहाच मिनिटांत २० वर येऊन बसते. सर्व्हिसवाले म्हणतात बॅटरीचं एक मॉड्यूल (सेलचा एक गट) गेलंय, पॅक म्हणजे अख्खी बॅटरी उतरवावी लागेल. आधी स्वतः काय काय तपासू? आणि गाडीचे आतले आकडे वाचणारा स्कॅनर घ्यावा का?

फुल्लचार्ज
कूलंट जुनं झालं असेल, काढून नवीन भरा. हिरवं कुठलंही चालतं.

ओहमकाका
अहो कुठलंही कसं चालेल! बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांना कमी वीजवाहक कूलंट लागतं, रंग सारखा म्हणून माल सारखा नसतो. दोन जाती मिसळल्या तर गाळ धरू शकतो, आणि घरी काढून भरलं की लूपमध्ये हवा अडकते, ती काढायला पंप सर्व्हिस मोडमध्ये चालवावा लागतो. आत्ता फक्त टाकीची लेव्हल बघा, तीही गाडी पूर्ण थंड असताना. लेव्हल खाली गेली असेल तर कुठेतरी गळतंय, नुसतं वरून ओतून भागणार नाही.

राजा, तुम्हाला पहिलं हे शोधायचंय की तापतंय नेमकं काय. बॅटरी एक आणि मोटर-इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देतो तो) दुसरं, दोन्ही वेगळी दुखणी आहेत, कासव मात्र एकच दिसतं. स्कॅनर जरूर घ्या. तुमच्या मॉडेलचे सेलचे आकडे दाखवणारं अ‍ॅप कुठलं ते आधी बघा आणि मग त्या अ‍ॅपला चालणारा ब्लूटूथ डोंगल घ्या, उलटं केलंत तर डोंगल ड्रॉवरमध्ये पडून राहतो (माझे दोन पडलेत). बॅटरीचं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी तापमान, सेलच्या व्होल्टेजमधला फरक आणि इन्व्हर्टरचं तापमान एवढं लिहून आणा. घाटात, सपाट हायवेला आणि चार्जिंगला, तिन्ही ठिकाणी. ड्रायव्हिंग करताना आकडे शेजारच्याला बघायला सांगा.

शांत_मोटर
आणि नारिंगी केबलला हात लावू नका, त्यात शेकडो व्होल्ट असतात. दुसरं म्हणजे मॉड्यूल खरंच गेलं असेल तर रिपोर्ट लेखी मागा. बॅटरीला बहुतेक कंपन्या आठ वर्षं वॉरंटी देतात, मग खर्च तुमच्या माथी का?

चढणीचा_राजा
लेखी मागितल्यावर "बघून सांगतो" म्हणाले, अजून बघतायत.
आकडे आणलेत. घाटात बॅटरी जास्तीत जास्त ४८, कमीत कमी ४६. फास्ट चार्जिंगला ५१ आणि ४९. सपाट हायवेला १०० च्या स्पीडने तासभर चालवली तरी ३४ च्या वर नाही. व्होल्टेजचा फरक लोडखालीसुद्धा १५ मिलिव्होल्टच्या आत. इन्व्हर्टर घाटात तापतो, हायवेला गार. कूलंटची लेव्हल बरोबर आहे. अजून एक, याचा संबंध नसेल कदाचित, पण ट्रॅफिकमध्ये एसी कोमट हवा मारतो आणि हायवेला मस्त गार होतो. गॅस भरायचा राहिलाय असं धरून चाललोय.

ओहमकाका
संबंध नाही कसा, तोच तर चोर आहे!

एक मॉड्यूल खराब असतं तर तेवढंच जास्त तापलं असतं आणि लोडखाली त्याचा व्होल्टेज बाकीच्यांपेक्षा खाली बसला असता. तुमचा पॅक सगळा एकसारखा तापतोय, म्हणजे सेल धडधाकट आहेत, उष्णता बाहेर पडत नाहीये. आता एसीचं. तुमच्यासारख्या लिक्विड कूलिंगच्या गाडीत बॅटरी फार तापली की तिचं कूलंट चिलरमधून फिरतं आणि त्या चिलरला गार करतो केबिनचाच एसी कॉम्प्रेसर. एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर आणि कूलंटचा रेडिएटर दोन्ही पुढच्या जाळीमागे, एकाच फॅनच्या जिवावर. हायवेला वारा आपोआप लागतो म्हणून सगळं गार. घाटात स्पीड कमी आणि लोड जास्त, चार्जिंगला तर गाडी जागेवर उभी. त्यात करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, म्हणून फास्ट चार्जिंगला सगळ्यात आधी बोंब होते. गॅस कमी असता तर बहुधा हायवेलाही एसी रडला असता आणि इन्व्हर्टरचा तर गॅसशी संबंधच नाही. मला फॅनचा संशय आहे.

गाडी उभी करून एसी फुल करा आणि बॉनेट उघडून लांबून बघा. बोटं आत घालू नका, चार्जिंगला लावलेली गाडी बंद दिसली तरी फॅन अचानक सुरू होऊ शकतो.

शांत_मोटर
कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत टॉर्च मारून बघा. पुढून जाळी चकाचक दिसते आणि मध्ये पाचोळ्याची गादी असते. पाणी मारलंत तर हलक्या धारेने, प्रेशर वॉशरने पातळ पत्र्या वाकतात.

चढणीचा_राजा
काका, पाय कुठे आहेत तुमचे! दोनपैकी एक फॅन ढिम्म हलत नव्हता आणि दुसरा एकटाच बोंबलत होता. फ्यूज ठीक, पण बंद फॅनचा कनेक्टर वितळून काळा पडलाय. मधल्या फटीतून मूठभर पाचोळा निघाला तो वेगळाच. ओळखीचा ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणतो कनेक्टर बदलला की झालं. बदलू?

ओहमकाका
नुसता कनेक्टर नका बदलू, तो वितळला का ते बघा. गाडी पूर्ण बंद करून, १२ व्होल्टची बॅटरी सोडवून फॅन हाताने फिरवा. जड लागला तर बेअरिंग गेलंय, तो जास्त करंट ओढणार आणि नवा कनेक्टरही जाळणार.

चढणीचा_राजा
जडच होता, खरखर पण. अख्खा फॅन आणि कनेक्टर दोन्ही नवीन टाकले. काल तोच घाट, बॅटरी ३७, कासव गायब. चार्जिंगला ५० किलोवॅट बराच वेळ टिकले. एसी ट्रॅफिकमध्येही गार, गॅसला हातसुद्धा लावला नाही. सर्व्हिसवाल्यांचा आज फोन आला, पॅक उतरवायला कधी आणताय म्हणून.

फुल्लचार्ज
मग कूलंट नाही ना बदलायचं?

ओहमकाका
😀 मॅन्युअलमध्ये जेव्हा लिहिलंय तेव्हा बदला, आणि त्यात लिहिलंय तेच भरा.