पापा की पाताता? स्पॅनिशमधला बटाटा आणि आपला बटाटा

प्रश्न :
लेक स्पॅनिश शिकतेय. तिच्या पुस्तकात बटाट्याला 'पाताता' दिलंय. माझ्या ऑफिसच्या कॉलवर मेक्सिकोची मंडळी असतात, ती 'पापा' म्हणतात. (पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, कुणाच्या तरी वडिलांबद्दल चाललंय.) यातलं शुद्ध कोणतं? आणि आपला बटाटा यांच्यापैकी कुणाचा?

प्रतिसाद :
शुद्ध दोन्ही. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत पापा, स्पेनच्या मुख्य भूमीवर बहुतेक ठिकाणी पाताता. वडिलांना हाक मारताना जोर शेवटच्या 'पा'वर असतो, बटाट्यात पहिल्या. पोपलाही पापाच म्हणतात, पण तो पुल्लिंगी आणि बटाटा स्त्रीलिंगी, त्यामुळे घोटाळा होत नाही.

पापा हा शब्द केचुआ भाषेतला. दक्षिण अमेरिकेतल्या इंका साम्राज्याची ती भाषा, आणि बटाटा त्याच अँडीज पर्वतातला. पण स्पॅनिश लोक इंकांपर्यंत पोचले १५३२ मध्ये. त्याआधी चाळीस वर्षं, १४९२ पासून, ते कॅरिबियन बेटांवर वावरत होते आणि तिथल्या ताईनो लोकांकडून त्यांनी 'बाताता' हा शब्द उचलला होता. बाताता म्हणजे रताळं. युरोपात रताळं आधी गेलं, बटाटा मागाहून. दोघेही जमिनीतून निघणारे, नावंही जवळजवळची. स्पेनमध्ये पापा आणि बाताता एकमेकांत मिसळून पाताता झालं. पोर्तुगीजांनी तेवढीही तसदी घेतली नाही. त्यांनी बाताता हेच नाव बटाट्याला देऊन टाकलं आणि रताळ्याला 'गोड बाताता' म्हणायला लागले.

आपल्याकडे शब्द पोर्तुगीजांबरोबर आला, त्यामुळे आपला बटाटा स्पॅनिश नाही. तो कॅरिबियन रताळं आहे. उपासाला दोन्ही चालतात, तेव्हा काळजी नसावी.

प्रतिसाद :
पोपचं नाव भाजीला नको म्हणून स्पेनमध्ये पापाचं पाताता केलं, असं मी वाचलं होतं. ते खोटं का?

प्रतिसाद :
गोष्ट रंगतदार आहे, पण पटत नाही. स्पेनमध्येच आंदालुसियात पुष्कळ लोक पापा म्हणतात, कॅनरी बेटांवर तर सर्रास. तेही कॅथलिकच. त्यांना पोपची अडचण आलेली दिसत नाही.

प्रतिसाद :
मेक्सिको सिटीत राहते, म्हणून थोडी भर. इथे बाजारात 'तोमाते' मागितले तर हिरवी, कागदी सालीची फळं मिळू शकतात. आपला लाल टोमॅटो म्हणजे 'खितोमाते'. उत्तर मेक्सिकोत आणि इतर स्पॅनिश देशांत मात्र तोमाते म्हणजे लालच. दोन्ही शब्द नावात्ल भाषेतले, म्हणजे इथल्या जुन्या आस्तेक (अ‍ॅझ्टेक) लोकांच्या. शेंगदाण्याचंही तसंच. इथे 'काकावाते', स्पेनमध्ये 'काकावेते', पण क्युबात आणि जवळजवळ सगळ्या दक्षिण अमेरिकेत 'मानी'. कणीस इथे 'एलोते', पेरू-चिलीत 'चोक्लो'. आग्वाकाते, म्हणजे अव्होकाडो, पेरू, चिली आणि अर्जेंटिनात 'पाल्ता' होतो. एकाच भाषेत भाजी घ्यायला एवढी तयारी करून जावं लागतं!

प्रतिसाद (वर बटाट्याचं लिहिणारा मीच) :
मेक्सिकोच्या ताईंनी जे शब्द दिलेत त्यांत एक क्रम आहे, आणि मला सगळ्यात मजा त्याचीच वाटते. स्पॅनिश लोकांना जी वस्तू जिथे पहिल्यांदा भेटली, तिथलं नाव त्यांनी धरलं. पहिला मुक्काम बेटांवर, म्हणून ताईनो शब्दांना सगळ्यात लांबचा पल्ला मिळाला. होडीसाठीचा 'कानोआ' हा शब्द तर १४९५ च्या सुमारास नेब्रिखा या व्याकरणकाराच्या स्पॅनिश-लॅटिन शब्दकोशात जाऊनही बसला. कोलंबसाच्या पहिल्या सफरीला तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली होती.

मक्याचं बघा. मक्यावरच जगणाऱ्या मेक्सिकोत कोर्तेस हा स्पॅनिश सेनानी १५१९ मध्ये उतरला. तिथल्या भाषेत मक्याला कोवळा, सुका, कणसातला, सुटा अशी वेगवेगळी नावं होती. पण स्पॅनिश सैनिक 'माईस' हा ताईनो शब्द बेटांवरून पाठ करून आले होते, तोच त्यांनी तिथे लावला आणि पुढे पेरूलाही नेला. टोळीप्रमुखाला 'कासिके' म्हणणं हेही तसंच. मेक्सिको आणि पेरूमध्ये प्रमुखांना स्वतःच्या भाषांतली नावं होती, तरी कारभारात शब्द चालला बेटांवरचा. बाहेरून आलेल्याने एका प्रांतात शिकलेला शब्द दुसऱ्या प्रांतात हुकमाने चालवावा, यातली दांडगाई मला अजून खटकते.

मात्र प्रत्येक वेळी बेटांचा शब्द जिंकला नाही. मिरचीला ताईनोत 'आखी'. पेरूत केचुआ शब्द 'उचू' होता, तिथे स्पॅनिशमध्ये आखीने त्याला मागे सारलं. मेक्सिकोत मात्र नावात्ल 'चिले' हटला नाही, आणि इंग्रजीमार्गे आपल्या चिली सॉसच्या बाटलीवर येऊन बसला. चिली या देशाशी त्याचा काही संबंध नाही. उलट चिली देशात मिरचीला आखीच म्हणतात!

नावात्ल आणि केचुआ शब्दांना मोकळं रान मिळालं ते बेटांचा शब्द जिथे नव्हता किंवा टिकला नाही तिथे. म्हणून आज उत्तरेला एलोते नि आग्वाकाते, दक्षिणेला चोक्लो नि पाल्ता. सीमा अर्थात आखीव नाही. नावात्लमधून आलेला रताळ्याचा शब्द 'कामोते' पार पेरू-चिलीपर्यंत गेला, आणि मेक्सिकोतल्या आकापुल्को बंदराहून मनिलाला जाणाऱ्या जहाजांबरोबर फिलिपिन्सलाही.

प्रतिसाद :
काकावाते वाचून राहवलं नाही. मूळ नावात्ल शब्द 'त्लाल्काकावात्ल' असा आहे. त्लाल म्हणजे जमीन, काकावात्ल म्हणजे कोको. जमिनीतला कोको. आणि आपण म्हणतो भुईमूग! त्यांना कोकोची बी ओळखीची, आपल्याला मूग, विचार एकच. स्पॅनिशने पुढे 'त्लाल' कापून टाकला, त्यामुळे शेंगदाण्याचा अर्थच हरवला.

प्रतिसाद :
घेवडा-राजमा वर्गातले दाणे राहिले. मेक्सिकोत फ्रिखोल, चिली-अर्जेंटिनात पोरोतो, व्हेनेझुएलात काराओता, पोर्तो रिकोत आबिचुएला, स्पेनमध्ये खुदिया किंवा आलुबिया. यांतला फ्रिखोल लॅटिनमधून आलेला, पोरोतो केचुआ. बाकीच्यांत शिरलो तर रात्र जाईल.

प्रश्नकर्ती :
बाप रे! मग लेकीने पाठ तरी काय करायचं? तिला पुढे-मागे अर्जेंटिनाला जायचंय म्हणते.

प्रतिसाद :
पुस्तकातलं पाठ करू दे, परीक्षेला तेच लागेल. जायच्या आधी दक्षिणेकडचे शब्द वेगळे लिहून काढ म्हणावं. शिवाय तिथे तिला एक आयता शब्द मिळेल. इतर बहुतेक देशांत अननसाला 'पिन्या' म्हणतात, जो मुळात पाइनच्या झाडाच्या शंकूचा शब्द. अर्जेंटिना आणि उरुग्वेमध्ये मात्र 'आनाना'. तो दक्षिण अमेरिकेतल्या तुपी-ग्वारानी भाषांतला, आणि आपला अननसही तिथलाच, पोर्तुगीजांनी आणलेला.

आणखी एक. क्युबाला गेली तर हवानात पपईला 'पापाया' म्हणू नये. तिथे तो शब्द चारचौघांत उच्चारण्यासारखा राहिलेला नाही. फळाला 'फ्रुता बोंबा' म्हणतात. डोमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलात पपई म्हणजे 'लेचोसा', दुधाळ. चिकामुळे असावं.

प्रतिसाद :
कोकणातला आहे, काजूचं विचारल्याशिवाय जाणार नाही. पोर्तुगीजांनी आमच्याकडे ब्राझीलहून आणला, नावही तिथल्या तुपी भाषेतलं. स्पॅनिशवाले काय म्हणतात?

प्रतिसाद :
अर्जेंटिनात 'कास्तान्या दे काखू', त्यात तुमचा काजू आहेच. स्पेनमध्ये आनाकार्दो, कोलंबियात मारान्योन, व्हेनेझुएलात मेरेय. आणि मेक्सिकोत 'नुएस दे ला इंदिया'. भारतातलं कवचाचं फळ! झाड ब्राझीलचं, मेक्सिकोला ब्राझील जवळ, तरी श्रेय आपल्याला. तुम्ही मेक्सिकोत पाकीट उचललंत तर तक्रार करू नका, मिरवा.