पाच मिनिटांत हशा येतो

मुख्य सिनेमाआधीचा छोटा कार्टूनपट म्हणजे फुकट गेलेला वेळ, हसतात ती फक्त मुलं, असं काही जण म्हणतात; हे मत मला अजिबात पटत नाही. २००८ साली पणजीत ‘वॉल-ई’ पाहायला गेलो तेव्हा आधी ‘प्रेस्टो’ लागला होता. भुकेल्या सशाला गाजर न देताच जादूगार प्रयोग सुरू करतो, मग ससा त्याला सहकार्य करत नाही, एवढीच गोष्ट. दोन टोप्या आतून जोडलेल्या, एकीत हात घातला की दुसरीतून बाहेर. जादूगाराची बोटं उंदराच्या सापळ्यात अडकली तेव्हा मुलं हसली खरी, पण त्याआधीच माझ्या शेजारी बसलेली आजी पडद्याकडे हात करून म्हणाली, "दी रे ताका गाजर!" आणि आमची अख्खी रांग हसली. इंग्रजीचं ओझं नव्हतं, कारण त्यात संवादच नाहीत. पडद्यावरचे प्रेक्षक जादूगाराच्या फजितीला प्रयोगाचाच भाग समजून टाळ्या वाजवतात, त्यात आमच्याही मिसळल्या. जत्रेतल्या नाटकांना लहानपणापासून बसणाऱ्या आपल्या लोकांना अशी दाद द्यायला शिकवावं लागत नाही.

असा लघुपट फार लांबला तर कंटाळा येतो, हे मात्र मान्य. २०१७ मध्ये ‘कोको’आधी ‘फ्रोझन’मधल्या ओलाफ या बर्फाच्या बाहुल्याचा २१ मिनिटांचा लघुपट जोडला, तेव्हा मेक्सिकोत प्रेक्षक इतके वैतागले की तिथल्या थिएटरांनी तो काढून टाकला. ‘प्रेस्टो’ जेमतेम पाच मिनिटांचा आहे.