मदत हवी आहे: गोष्टीच्या गेममध्ये 'लढाई वगळा' बटण द्यावं का?

कळण्याची भाकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी अमळनेरचा, मित्र भुसावळचा. नोकऱ्या सांभाळून दीड वर्षापासून आरपीजी मेकर एमझेड या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटा रोल प्लेइंग गेम करतोय. निवेदन मराठीत, गावची माणसं अहिराणी बोलतात. बाप अंथरुणाला खिळलाय म्हणून पोरगी कापसाची बैलगाडी घेऊन एरंडोलहून बऱ्हाणपूरला निघते, सोबत म्हातारा गाडीवान. वाटेत सावकाराची माणसं, वाटमारे, एक बिबट्या. एकूण २७ लढाया, सगळ्या आळीपाळीने वार करायच्या. वाचत वाचत खेळलं तर पाचेक तास लागतात.

खोट कुठे आहे ते वहिनींमुळे कळलं. मे महिन्यातली दुपार, रस्त्यावर कुत्रंही नाही, म्हणून त्यांच्यापुढे लॅपटॉप ठेवला. वहिनींना वाचनाचं वेड, पण गेम आयुष्यात खेळलेला नाही. गाडीवानाचे संवाद त्या चक्क आवाज बदलून वाचत होत्या! पण लढाईचं संगीत सुरू झालं की लॅपटॉप माझ्याकडे: "भाऊ, हाई तुम्ही आटपा, तवलगून मी वरण देखी येस." चौथ्या वेळी परत आल्या तरी माझं आटपलं नव्हतं. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "माले लढाई नको. पुढे काय व्हयनं ते सांगा."

मित्र म्हणतो, बटण दिलं की लोक पहिल्याच लढाईला दाबतील आणि आपली वर्षभराची मेहनत पाण्यात. माझं मत रोज बदलतं. त्यात अडचण अशी की लढाईतून ईएक्सपी (अनुभवाचे गुण, ज्यांनी पात्राची ताकद वाढते) मिळतात, बाण आणि हळदीचा लेप खर्च होतो, आणि बाराव्या लढाईत पवळ्या बैलाच्या खुराला जखम होते. पुढची तीन प्रकरणं गाडी त्यामुळेच हळू चालते. लढाई वगळली तर हे सगळं आणायचं कुठून? की नुसती 'सोपी' पातळी देऊन भागेल?

पांझराकाठ

हा वाद तुमच्या घरात आता आला, बाहेर जुना आहे. बायोवेअर या गेम कंपनीच्या लेखिका जेनिफर हेपलर २००६ साली एका मुलाखतीत म्हणाल्या होत्या की खेळाडूला संवाद वगळता येतात, तशा लढायाही वगळता याव्यात. साधी सूचना. सहा वर्षांनी, २०१२ मध्ये, कोणीतरी ती उकरून काढली आणि बाईंवर इंटरनेटवर शिव्यांचा पाऊस पडला. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्याच कंपनीच्या मास इफेक्ट ३ मध्ये सुरुवातीलाच ॲक्शन, रोल प्लेइंग आणि स्टोरी असे तीन पर्याय आले. स्टोरी घेतलं की लढाया लुटुपुटूच्या. त्याने कोणाचा गेम बुडाला नाही.

त्याच्या आदल्या वर्षीच्या एल.ए. न्वारमध्ये तर मारामारीच्या एखाद्या प्रसंगात तीनदा हरलात की गेमच विचारतो, हा भाग सोडून पुढे जायचं का. गोष्ट तपासाची आहे, पाठलागात पाय अडकला म्हणून तपास का थांबावा?

आपल्याकडे कीर्तनाला पूर्वरंग टाळून नेमके आख्यानाला येऊन बसणारे नसतात का? बुवा त्यांना हाकलून देत नाहीत.

शेवभाजी

मी तुमच्या मित्राच्या बाजूचा. बिबट्या समोर आहे, दोनच बाण उरलेत, म्हाताऱ्याला धाप लागलीय, अशा वेळी पार केलेला घाट माझा असतो. बटण दाबून ओलांडलेला घाट म्हणजे नकाशावरचा ठिपका.

अंडरटेल (२०१५) घ्या. समोरच्याला मारायचं की सोडून द्यायचं, हा त्या गेमचा सगळा जीव, आणि तो निर्णय लढाईच्या पडद्यावरच होतो. तिथे लढाई वगळली तर गोष्टच वगळली. कीर्तनाची उपमा छान आहे, पण इथे लढाई पूर्वरंगात आहे की आख्यानात, हे आधी ठरवा.

डावखुरी

मला संधिवात आहे, दोन्ही अंगठे धड वाकत नाहीत. तेव्हा 'सोपी पातळी देऊन भागेल का' याचं उत्तर माझ्यापुरतं: नाही भागत. सोप्यात शत्रू लवकर मरतो, पण बटणं दाबावी लागतातच. विचर ३ मधली सगळ्यात खालची पातळी नावाने 'फक्त गोष्ट' आहे, तरी तलवार मलाच फिरवावी लागते. तुमच्या गेममध्ये घाई नाही हे चांगलं. पण एका लढाईत ४० वेळा बटण दाबायचं म्हटलं तर २७ लढायांचं किती होतं ते बघा. हजाराच्या वर. माझे हात तिसऱ्या प्रकरणातच संप करतील.

शेवभाजी, तुमचा घाट तुमच्याकडेच ठेवा हो. मी बटण दाबल्याने तुमचा बिबट्या पळून जात नाही.

घाटरस्ता

थोडं कामाचं बोलतो, मीही एमझेड वापरतो.

तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एकाच लढाईत कोंबल्यात, म्हणून बटणाची भीती वाटते. पवळ्याची जखम हा कथेचा भाग आहे, ती लढाईत ठेवूच नका. 'बॅटल प्रोसेसिंग' (लढाई सुरू करणारी आज्ञा) संपल्यावर जो इव्हेंट, म्हणजे लिहून ठेवलेला प्रसंग, चालतो त्यात टाका: गाडी थांबते, पोरगी खाली उतरते, खूर हातात घेऊन बघते. लढलेला आणि वगळणारा, दोघेही त्या खुराशी येऊन पोचतात. खरं सांगायचं तर जखम तिथेच जास्त लागेल. लढाईत 'पवळ्या: २३ नुकसान' असा आकडा उडतो आणि माणूस पुढचा वार निवडायला लागतो.

ईएक्सपी सरळ 'चेंज ईएक्सपी' या आज्ञेने देऊन टाका. त्याहून बरं म्हणजे लढाईवर ईएक्सपी ठेवूच नका, प्रकरण संपलं की सगळ्या पात्रांची ताकदीची पातळी एकाने वाढवा. टेबलावर फासे टाकून खेळणारे कित्येक गट असंच करतात.

उरला खर्च. टोटल वॉर या युद्धाच्या गेममालिकेत लढाई न लढता निकाल मागता येतो आणि त्यात सैनिक मरतातच, फुकट काही नाही. तुम्ही बटणावरच लिहा: 'लढाई वगळा (३ बाण, १ लेप)'. किंमत आधी दिसली की तो खेळातलाच निर्णय होतो. डावखुरीताईंसारख्यांसाठी सेटिंगमध्ये ही किंमत शून्य करायची सोय ठेवा, आणि त्यावर टोमणा मारणारं वाक्य लिहू नका. काही गेम तिथे 'भित्रा' वगैरे विनोद करतात, तो कोणालाच आवडत नाही.

आणि २७ का? डेउस एक्स ह्यूमन रेव्होल्यूशनमध्ये (२०११) लपतछपत, संगणक हॅक करत गेम खेळता येतो, पण मोठ्या खलनायकांपुढे बंदूक चालवण्यावाचून इलाज नव्हता. ज्यांनी आपलं पात्र बंदुकीसाठी घडवलंच नव्हतं ते तिथे अडकले. २०१३ च्या सुधारित आवृत्तीत त्या लढायांना दुसऱ्या वाटा द्याव्या लागल्या. दुसऱ्या टोकाला डिस्को एलिझियम (२०१९): वेगळा लढाईचा पडदाच नाही, दोन फासे आणि २४ कौशल्यं, हाणामारीसुद्धा संवादातच सुटते. तुमच्या पोरीला सावकाराच्या माणसांशी बोलून सुटता येतं का?

शेवभाजी

खूर इव्हेंटमध्ये टाकायचं पटलं. ईएक्सपीचं नाही. लढाईतून काहीच मिळत नसेल तर माझ्यासारखा लढेल कशाला?

घाटरस्ता

बाण वाचतात म्हणून. पुढे बिबट्याला लागतील.

कळण्याची भाकर

सगळ्यांचे आभार. रविवारी मित्र आला, २७ लढाया वहीत लिहून काढल्या आणि प्रत्येकीपुढे लिहिलं, ही नसती तर काय अडलं असतं. नऊ लढायांपुढे काहीच लिहिता येईना. 'इथे बराच वेळ लढाई झाली नव्हती', एवढंच कारण. त्या काढल्या. मित्र जेवताना शब्द बोलला नाही, मग रात्री फोन करून स्वतःच आणखी दोन काढायला सांगितल्या. सोळा उरल्या. त्यातल्या चारांत आता सावकाराच्या माणसांशी बोलून सुटता येतं.

लगेच कच्चं बटण लावून वहिनींना दिलं. पहिल्या तीन लढाया वगळल्या. वगळल्यावर दोन ओळींचं निवेदन येतं, ते मात्र त्या नेहमीसारखं मोठ्याने वाचत होत्या. बिबट्यालाही बटण दाबलं. निवेदन आलं: 'पहाटेपर्यंत झुंज चालली. तीन बाण गेले. म्हाताऱ्याचा खांदा फाटला, पण त्याने कासरा सोडला नाही.' वहिनी थांबल्या, ते परत एकदा वाचलं आणि म्हणाल्या, "हाई लढाई माले दखाडा बरं."

आणि दाखवायची सोयच नाही! बटण दाबलं की लढाई गेली ती गेली. एमझेडचं ऑटोसेव्ह नकाशा बदलताना आणि लढाईनंतर होतं, वगळण्याआधी होत नाही. प्लगइन (वरून जोडायचा तयार कोड) शोधू की दुसरी काही युक्ती आहे?

घाटरस्ता

प्लगइन कशाला? रात्री मुक्कामाला शेकोटी पेटते ना? म्हाताऱ्याला विचारलं की तो वगळलेली लढाई 'सांगतो', आणि तीच बॅटल प्रोसेसिंग चालू होते. हरल्यास पुढे चालू ठेवायचा पर्याय तिथे आहेच, तो द्या. सुरू करण्याआधी बाण, लेप आणि एचपी (पात्राची उरलेली ताकद) व्हेरिएबलमध्ये साठवा, संपल्यावर परत भरा.

डावखुरी

आणि आठवणीतल्या लढाईत हरलं तर म्हातारा म्हणेल, "असं नव्हतं झालं."

कळण्याची भाकर

ताई, हे वाक्य घेतलं! अहिराणीत करून टाकतो. शेकोटीचे संवाद आज रात्रीच लिहायला बसतो. शेवभाजी, सोळा लढायांना मिळून बाण किती द्यायचे याचा हिशोब तुम्ही तपासाल का? आमच्या दोघांचा जुळत नाहीये.