१३५० ग्रॅमची भाची एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात): आईचं दूध आणि कांगारू केअरबद्दल मदत हवी आहे

माझ्या धाकट्या बहिणीचं बीपी एकदम वाढलं, लघवीतून प्रोटीन जायला लागलं, म्हणून ३१व्या आठवड्यातच नाशिकला सिझर करावं लागलं. मुलगी झाली, वजन १३५० ग्रॅम. श्वासाला त्रास होता म्हणून आधी सीपॅपवर (नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर) होती, आता ते काढलंय. मधेच श्वास थांबतो त्यासाठी कॅफिन चालू आहे. वजन १२४० पर्यंत उतरलं. कमी दिवसांच्या बाळांचं उतरतंच, दोनेक आठवड्यांत भरून येतं असं डॉक्टर म्हणतात, तरी रोज आकडा विचारताना पोटात गोळा येतो.

दूध नळीने देतात आणि खरी अडचण तिथेच आहे. पंप लावला की बाटलीच्या तळाशी जेमतेम पिवळसर थर जमतो. तिच्या सासूबाई म्हणतात, "पोर उपाशी राहील, डब्याचं द्या." पण इतक्या लहान जीवाला वरच्या दुधाने आतड्याचा गंभीर आजार (एनईसी) होण्याची भीती जास्त असते, म्हणून मन धजत नाही. सायन हॉस्पिटलात १९८९ पासून मिल्क बँक आहे हे माहीत आहे. नाशिकच्या जवळपास कुठे आहे का? दात्या आईचं दूध मिळवायला काय करावं लागतं?

दुसरं, कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणं. सिस्टर म्हणतात, वजन वाढू दे, इन्फेक्शन होईल. पण २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिल्लीचं सफदरजंगही होतं. १ ते १.८ किलोच्या बाळांना वजन वाढायची वाट न बघता जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. डॉक्टरांना न दुखावता हे कसं विचारू? कोणी विचारलंय का?

प्रतिसाद
ताई, आमची जुळी याच वजनाची होती. सकाळच्या राउंडला मोठ्या डॉक्टरांनाच विचारा, "केएमसी (कांगारू मदर केअर) कधीपासून देता येईल? आजच सुरू करायला काय अडचण आहे?" त्यांनी फाइलमध्ये लिहिलं की सिस्टर अडवत नाहीत. बहिणीला टाके दुखत असतील तर बाळाचे बाबा किंवा तुम्हीही घेऊ शकता. पुढून उघडणारा गाउन घाला. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे.

दूध दर दोन-तीन तासांनी काढायचंच, रात्रीही. पंपापेक्षा आधी हाताने काढून बघा, सुरुवातीचं घट्ट दूध हाताने जास्त निघतं. बाळ छातीशी घेतल्यावर लगेच काढलं की आम्हाला फरक दिसायचा. आलेला थेंबन् थेंब सिस्टरकडे द्या, थोडं आहे म्हणून टाकू नका.

आणि डोळ्यांची आरओपी तपासणी (कमी दिवसांच्या बाळांना होणाऱ्या पडद्याच्या आजारासाठी)! २ किलोच्या आतल्या बाळांची ती जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी. तोवर डिस्चार्ज झाला तरी तारीख आधीच लिहून घ्या. खर्च झेपेनासा झाला तर सरकारी एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) उपचार मोफत असतात. मात्र हलवायचं का, ते श्वास स्थिर झाल्यावर डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.