मदत हवी आहे: मायक्रोफायबरचे टॉवेल पापडासारखे कडक झालेत

नमस्कार मंडळी. काळी गाडी घ्यायची हौस माझीच, आता निस्तरतोय. दर रविवारी स्वतःच धुतो. पुसायला ८०-२० पॉलिएस्टर-पॉलिअमाइडचे सहा टॉवेल आहेत. नवे होते तेव्हा लोण्यासारखे मऊ, आता वाळले की पापड. परवा बॉनेट पुसताना टॉवेल पाणी टिपायच्या ऐवजी नुसतं पुढे ढकलत होता. उन्हात तिरकं पाहिलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे!

एक घोळ सापडलाय. आईने ते घरच्या कपड्यांबरोबर मशीनला लावले, वर फॅब्रिक कंडिशनरही ओतलं. सुती पंच्याचे तंतू अजून चिकटलेत, चिमट्याने उपटत बसलोय. (आईला काही बोललो नाही, पुढच्या रविवारी जेवायचं आहे.) कंडिशनरचा थर धाग्यांवर बसतो हे माहीत आहे, पण आता तो निघेल कसा? कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून भिजवू का? शिवाय आमच्याकडे बोअरचं जड पाणी.

आणि वाळवता कुठे? गच्चीवर धूळ उडते, घरात पावसाळ्यात दोन दिवस कुबट वास. गरम इस्त्रीने धागे वितळतात, म्हणून त्या वाटेला गेलो नाही. गाडीच्या वॅक्ससाठी वापरलेले टॉवेल तुम्ही वेगळे धुता का?